श्वानाचा गळपट्टा : खिळ्यांचीं टोकें कोणीकडे?

महाभारताच्या आदिपर्वांत, मुख्य कथेला अजून आरंभहि झालेला नसतांना, एका कुत्र्याची फिर्याद येते. कुरुक्षेत्रावर जनमेजय राजाचें दीर्घकाळ चालणारें सत्र सुरू होतें. देवांची कुत्री जी सरमा, तिचें पिलूं हिंडत हिंडत तेथें आलें. राजाच्या तिघां भावांनीं त्याला मारलें. तें रडत आईकडे गेलें. तूं कांहीं अपराध केला असशील, असें आई म्हणाली. तेव्हां पिलानें सांगितलें कीं, आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नाहीं आणि त्याला जीभहि लावली नाहीं. मग सरमा स्वतः यज्ञस्थानीं गेली आणि तिनें राजाला व त्याच्या भावांना एवढेंच विचारलें कीं, ह्यानें कांहीं केलें नसतांना ह्याला मारलें कां? त्या भरल्या सभेंत कोणाजवळहि उत्तर नव्हतें. तेव्हां तिनें शाप दिला कीं, निरपराध्याला मारल्याबद्दल तुमच्यावर न दिसणारें भय कोसळेल. राजा चिंतेंत पडला आणि त्या शापाचें निवारण करील अशा पुरोहिताच्या शोधास लागला.

सायंकाळच्या वेळीं शहरांतील कोणत्याहि बागेच्या कडेला घटकाभर उभें राहिलें, तर सरमेचा हा प्रश्न आठवल्यावांचून राहत नाहीं. एक सुशिक्षित गृहस्थ पुढें ओढणाऱ्या कुत्र्याला साखळीचा हिसका देतात. कुत्रें खोकतें, क्षणभर थबकतें आणि पुन्हां ओढूं लागतें. पुन्हां हिसका बसतो. हे गृहस्थ निर्दय नसतात. घरीं त्याच कुत्र्याच्या भांड्यांत ते आपल्या हातानें दूधपोळी कुसकरून घालतात. परंतु हिसका कशाबद्दल मिळाला हें त्या मुक्या जिवाला कळलें कीं नाहीं, हा विचार त्यांच्या मनाला शिवलेला नसतो. दुकानांत पट्टा घेतांनाहि तोच प्रकार. कापडी, चामड्याचा, फांसाच्या साखळीचा, आंतल्या बाजूनें दांते असलेला, विजेचा धक्का देणारा, असे नाना तऱ्हेचे पट्टे जगाच्या बाजारांत विकले जातात, आणि निवड बहुधा किमतीवर किंवा दिसण्यावर होते. वस्तुतः ह्यांपैकीं प्रत्येक पट्ट्यामागें माणसाची कुत्र्याविषयींची एक समजूत उभी आहे. ती समजूत कशी घडली, कोठें बिघडली आणि पुढें कशी सुधारत गेली, ह्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

हा इतिहास सुमारें चौतीसशें वर्षें मागें नेतां येतो. इ. स. १८९९ मध्यें मिसर देशांतील राजांच्या दरींत मैहरप्री नांवाच्या एका सरदाराचें थडगें सांपडलें. हा सरदार मिसरच्या अठराव्या राजवंशाच्या काळांतला. परलोकीं उपयोगीं पडाव्या म्हणून त्याच्याबरोबर ज्या वस्तु ठेवल्या होत्या, त्यांत कुत्र्याच्या गळ्यांत बांधावयाचे चामड्याचे दोन शोभिवंत पट्टे निघाले, आणि त्यांतल्या एकावर त्या कुत्रीचें नांवहि होतें. राजेरजवाड्यांचीं नांवें काळानें पुसून टाकलीं, परंतु ह्या एका मुक्या प्राण्याचें नांव पट्ट्यामुळें टिकून राहिलें. येथें पट्टा हें कुत्र्याला आवळण्याचें साधन दिसत नाहीं. हें जनावर कोणाचें व कोण, हें सांगणारें तें चिन्ह आहे.

इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत ग्रीक लेखक झेनोफन ह्यानें शिकारीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यांत कुत्र्याच्या साजाचा स्वतंत्र विचार आहे. पट्टा मऊ व रुंद असावा, म्हणजे कुत्र्याचे केस घासले जाणार नाहींत. दोरीला हातांत धरण्यापुरता फांसा ठेवावा. कुत्र्यांचीं नांवें आंखूड असावींत, म्हणजे हांक मारणें सोपें जातें, अशा बारीकसारीक सूचना त्यानें दिल्या आहेत. ह्याच झेनोफननें घोड्यांच्या शिक्षणावरहि लिहिलें आहे, आणि तेथें त्यानें सांगितलेला नियम आजच्या शिक्षकानेंहि भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. जनावराजवळ रागाच्या भरांत कधीं जाऊं नये, आणि जबरीनें करून घेतलेल्या गोष्टींत समज नसते, हें त्याच्या म्हणण्याचें सार होय. नर्तकाला चाबकानें मारून नाचवलें तर त्या नाचांत जेवढें सौंदर्य असेल, तेवढेंच अशा घोड्याच्या चालींत असेल, असा दाखलाहि त्यानें दिला आहे.

रोमन लोकांच्या ग्रंथांत खिळ्यांच्या पट्ट्याचें जें वर्णन सांपडतें, तें तर विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. मार्कस व्हॅरो ह्या विद्वानानें वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, इ. स. पूर्व ३७ च्या सुमारास, शेतीवर ग्रंथ लिहिला. मेंढरें राखणाऱ्या कुत्र्यांसाठीं त्यानें बळकट चामड्याचा, खिळे ठोकलेला पट्टा सांगितला आहे. त्याच्या खिळ्यांचीं टोकें बाहेर असतात. लांडगा कुत्र्याच्या नरड्यावर झडप घालतो, तेव्हां तीं टोकें लांडग्याच्या तोंडांत शिरावयाचीं. परंतु व्हॅरो एवढ्यावर थांबत नाहीं. खिळ्यांचीं डोकीं आंतल्या बाजूस येतात, म्हणून त्यांवर मऊ कातड्याचें अस्तर शिवावें, नाहीं तर लोखंडाच्या कठिणपणानें कुत्र्याच्या मानेला इजा होईल, असें तो बजावतो. लांडग्याला एकदां असे खिळे टोंचले, म्हणजे ज्या कुत्र्यांच्या गळ्यांत पट्टा नाहीं, तींहि सुरक्षित होतात, असेंहि तो म्हणतो. तात्पर्य, टोकें शत्रूसाठीं आणि अस्तर मित्रासाठीं, अशी ह्या पट्ट्याची घडण होती.

सगळेच रोमन व्हॅरोसारखे होते असें मात्र नव्हे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं पाँपेई हें नगर गडप झालें. तेथें इ. स. १८७४ मध्यें उत्खनन चाललें असतांना राखेंत राहिलेल्या पोकळींत गिलावा ओतून एका कुत्र्याची आकृति मिळवण्यांत आली. पाठीवर पडून अंग पिळवटलेलें, पाय वर, आणि गळ्यांत पट्टा. साखळीला बांधलेलें असल्यामुळें त्या कुत्र्याला पळतां आलें नव्हतें. पट्टा हा संरक्षणाचाहि होऊं शकतो आणि मरणाचाहि, ही गोष्ट त्या एका आकृतींत दिसते.

अलेक्झांडरच्या हिंदुस्थानावरील स्वारीचा वृत्तांत लिहिणारा एरियन आपल्याकडील इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतल्या ह्याच एरियननें शिकारी कुत्र्यांवरहि एक पुस्तक लिहिलें आणि त्यांत आपल्या होर्मे नांवाच्या कुत्रीचें वर्णन केलें. होर्मे घरीं असली म्हणजे सदा मालकाच्या पायांशीं असे. लहानपणीं तिला केव्हां तरी चाबकाचा मार मिळाला असावा. ती मोठी झाली, तरीहि कोणीं चाबकाचें नुसतें नांव काढलें कीं ती दबत दबत त्या माणसाजवळ जाई, गयावया करी, त्याच्या गळ्याशीं उडी घेई आणि तो धमकी सोडून देईपर्यंत त्याला सोडीत नसे. एरियननें हा प्रसंग कौतुकानें लिहिला आहे. आजच्या वाचकाला मात्र त्यांत निराळेंच कांहीं दिसतें. मार विसरला गेला नव्हता. ज्या चुकीसाठीं तो दिला ती चूक कोणती हें एरियनहि सांगत नाहीं, पण भय मात्र जन्मभर उरलें होतें. सरमेनें सांगितलेलें न दिसणारें भय तें हेंच.

पुढें युरोपांत बंदुकीनें पक्ष्यांची शिकार करण्याची हौस वाढली. पक्षी दिसला कीं कुत्र्यानें जागच्या जागीं थांबावें, बंदुकीच्या आवाजानें बिचकूं नये, आणि पडलेला पक्षी दांत न लावतां आणून द्यावा, अशा अवघड अपेक्षा निर्माण झाल्या. हें शिक्षण देण्याच्या धंद्याला इंग्रजींत जें नांव पडलें, त्याचा शब्दशः अर्थ कुत्रा 'मोडणें' असा होतो. इ. स. १८४८ मध्यें हचिन्सन ह्या लष्करी अधिकाऱ्यानें लिहिलेल्या प्रसिद्ध पुस्तकाचें नांवहि हेंच आहे. शिकवणें म्हणजे आधीं जनावराची इच्छा मोडणें, ही कल्पना त्या शब्दांत उघडी पडते. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेंत छडीवांचून विद्या येत नाहीं अशी जी समजूत होती, तिचीच ही सख्खी बहीण. ह्याच धंद्यांत आंतल्या बाजूस टोकें असलेला पट्टा रूढ झाला. व्हॅरोच्या पट्ट्यांतले खिळे उलटले. जीं टोकें लांडग्याच्या तोंडांत शिरावयाचीं, तीं आतां कुत्र्याच्याच मानेंत रुतूं लागलीं.

ह्या उलट्या खिळ्यांना विरोधहि लौकरच झाला. इ. स. १८८२ मध्यें अमेरिकेंत हॅमंड नांवाच्या शिकारी लेखकाचें एक पुस्तक निघालें. 'मोडणें' कीं 'शिकवणें', हा वाद त्यानें पुस्तकाच्या नांवांतच मांडला. पिलानें सांगितलेलें केलें कीं त्याला मांसाचा लहानसा तुकडा द्यावा, चुकलें तर तुकडा मिळूं नये, आणि चाबूक खुंटीला राहूं द्यावा, हा त्याच्या पद्धतीचा गाभा. हॅमंड हा कोणी मानसशास्त्रज्ञ नव्हता. परंतु जी गोष्ट प्रयोगशाळांनीं पुढें अर्धशतकानें सिद्ध केली, ती त्यानें केवळ निरीक्षणानें ओळखली होती.

तथापि विसाव्या शतकाचा पूर्वार्ध हॅमंडचा नव्हता. तो पोलिसांचा आणि पलटणींचा होता. जर्मनींत कॉनराड मोस्ट ह्या पोलीस अधिकाऱ्यानें इ. स. १९०६ पासून कुत्र्यांना सरकारी कामाचें शिक्षण देण्यास आरंभ केला आणि इ. स. १९१० मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कुत्र्याला माणसासारखी नीतिअनीति कळत नाहीं, कृतीबरोबर ताबडतोब जो परिणाम घडतो तेवढाच त्याला कळतो, हें त्यानें स्पष्ट ओळखलें होतें. येथवर त्याचें म्हणणें आजहि मान्य होईल. परंतु त्यानें साधनें निवडलीं तीं मात्र छडी आणि कांटेरी पट्टा हीं. दोन महायुद्धांत हजारों कुत्रीं सैन्यांत गेलीं, आणि त्यांना शिकवणारीं माणसें युद्धानंतर शहरांत येऊन घरगुती कुत्र्यांना तीच कवाईत शिकवूं लागलीं. अमेरिकेंत विल्यम कोहलर ह्याचें इ. स. १९६२ मधील पुस्तक ह्या पंथाचा आधारग्रंथ झालें. इंग्लंडांत बार्बारा वुडहाउस ह्या वृद्ध बाईंनीं इ. स. १९८० मध्यें बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर घरोघरच्या प्रेक्षकांना फांसाची साखळी आणि तिचा हिसका ह्यांचे पाठ दिले. दुसऱ्याच्या घरांतला हिसका पाहून तो आपल्या घरांतहि देण्यास माणसाला फारसा वेळ लागत नाहीं.

ह्या कवाईतीला एका शास्त्रीय वाटणाऱ्या मताचा टेकू मिळाला. इ. स. १९४७ मध्यें रुडॉल्फ शेंकेल ह्यानें पिंजऱ्यांतल्या लांडग्यांचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. एकमेकांना अपरिचित असे लांडगे अपुऱ्या जागेंत कोंडले, तर ते वर्चस्वासाठीं झगडतात, असें त्याला दिसलें. त्यावरून लोकांनीं असें अनुमान काढलें कीं, कळपाचा नायक बळानें राज्य करतो, कुत्रें हें लांडग्याच्या कुळांतलें, म्हणून मालकानेंहि बळानें राज्य केलें पाहिजे. पुढें डेव्हिड मेक ह्या प्राणिशास्त्रज्ञानें उत्तर ध्रुवाजवळील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचें अनेक उन्हाळे निरीक्षण केलें, आणि इ. स. १९९९ मध्यें त्यानें स्पष्ट लिहिलें कीं, मोकळ्या रानांतला कळप म्हणजे सामान्यतः आईबाप आणि त्यांचीं पोरें. तेथें नायक म्हणजे बाप, आणि तो पोरांशीं रोज कुस्ती खेळून बाप झालेला नसतो. विशेष हें कीं, जुनी कल्पना लोकांत पसरवणाऱ्या ग्रंथांत मेकचा स्वतःचा इ. स. १९७० चा ग्रंथहि होता. आपलें जुनें मत आपल्याच हातानें खोडण्याचें धैर्य त्यानें दाखवलें.

ह्याच काळांत शिकणें म्हणजे काय, ह्याचा निराळ्या बाजूनें शोध चालला होता. रशियांत पाव्हलॉव्हनें घंटा आणि अन्न ह्यांची सांगड कुत्र्याच्या मनांत कशी बसते, हें दाखवलें. अमेरिकेंत थॉर्नडाइकनें इ. स. १८९८ मध्यें मांजरांना पेटींत ठेवून असें पाहिलें कीं, ज्या कृतीनंतर सुटका व अन्न मिळतें, ती कृति पुन्हां पुन्हां व लौकर घडते. स्किनरनें हें शास्त्र पुढें नेलें आणि इ. स. १९५१ मधील एका लेखांत, कुत्र्याला घरच्या घरीं कसें शिकवावें हें सामान्य वाचकांना सांगितलें. मुलांच्या खेळण्यासारखा टिक् असा आवाज करणारा एक पत्रा घ्यावा. आवाज झाला कीं खाऊ मिळतो, एवढें कुत्र्याला कळूं द्यावें. मग हवी ती कृति घडतांक्षणीं आवाज करावा. स्किनरच्या हाताखालीं शिकलेल्या ब्रेलंड दांपत्यानें हें तंत्र असंख्य जातींच्या प्राण्यांवर वापरून दाखवलें. कॅरेन प्रायर ह्या बाईंनीं इ. स. १९६३ पासून हवाई बेटांवर ह्याच रीतीनें डॉल्फिन शिकवले, आणि इ. स. १९८४ मधील त्यांच्या पुस्तकानें ही विद्या कुत्रीं पाळणाऱ्यांच्या घरांत पोंचली. डॉल्फिनच्या गळ्यांत पट्टा घालतां येत नाहीं आणि त्याला हिसकाहि देतां येत नाहीं. रागावलें तर तो पोहत दूर जातो. ज्या प्राण्याला बांधतांच येत नाहीं, तो जर आनंदानें शिकतो, तर बांधलेल्या प्राण्याला मारून कां शिकवावें, असा प्रश्न मग उभा राहिला.

मार देऊन शिकवण्याची दुसरी बाजूहि प्रयोगशाळेंतच उघडकीस आली, आणि ती हृदयविदारक आहे. इ. स. १९६७ मध्यें पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत मार्टिन सेलिगमन व त्याचे सहकारी ह्यांनीं कुत्र्यांवर विजेच्या धक्क्यांचे प्रयोग केले. कांहीं कुत्र्यांना धक्का थांबवण्याचा उपाय दिलेला होता. कांहींना कोणताच उपाय नव्हता. तीं कांहींहि करोत, धक्का आपल्या वेळेला येई आणि आपल्या वेळेला जाई. नंतर दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांना अशा पेटींत ठेवलें कीं, मधला ठेंगणा अडसर ओलांडला म्हणजे धक्क्यांतून सुटका व्हावी. पहिल्या प्रकारचीं कुत्रीं लौकरच उडी मारून जाऊं लागलीं. दुसऱ्या प्रकारचीं बरींचशीं कुत्रीं जागच्या जागीं कण्हत पडून राहिलीं. वाट मोकळी असतांना तीं उठलीं नाहींत. आपल्या करण्या न करण्यानें कांहींच बदलत नाहीं, एवढा एकच धडा तीं शिकलीं होतीं. हे प्रयोग आज क्रूर वाटतात. परंतु सरमेच्या प्रश्नाचें मर्म त्यांनीं जितकें उघडें केलें, तितकें दुसऱ्या कशानेंहि केलें नाहीं. कारण न कळतां मिळणारी शिक्षा जनावराला शहाणें करीत नाहीं. ती त्याचें शिकणेंच बंद पाडते. गप्प बसलेलें कुत्रें दरवेळीं शिकलेलें असतेंच असें नाहीं. कधीं कधीं तें केवळ हरलेलें असतें.

अलीकडच्या वीस वर्षांत ह्या प्रश्नाचीं मोजमापेंहि झालीं. इ. स. २००६ मध्यें २६ कुत्र्यांच्या डोळ्यांची तपासणी झाली, तेव्हां गळपट्ट्याचा ताण बसला असतां डोळ्यांतला दाब वाढतो, आणि ताण अंगावरच्या पट्ट्यावर, म्हणजे हार्नेसवर, बसला तर तसा वाढत नाहीं, असें आढळलें. इ. स. २००९ मध्यें पेनसिल्व्हानियांतील पशुवैद्यांनीं, कुत्र्याच्या वागणुकीची तक्रार घेऊन आलेल्या १४० मालकांना प्रश्न विचारले. ज्यांनीं कुत्र्याला मारलें किंवा लाथाडलें होतें, त्यांच्यापैकीं शेंकडा ४३ जणांनीं कुत्रें उलट अंगावर आल्याचें सांगितलें. इ. स. २०२० मध्यें पोर्तुगालांतील शास्त्रज्ञांनीं ९२ पाळीव कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दटावून व हिसके देऊन शिकवणाऱ्या शाळांतील कुत्र्यांच्या लाळेंत तणावाचें द्रव्य शिकवणीनंतर अधिक वाढलेलें दिसलें. शिवाय, एका जागीं ठेवलेल्या भांड्यांत नेहमीं खाऊ आणि दुसऱ्या जागच्या भांड्यांत कांहीं नाहीं, हें कळल्यावर भांडें मधोमध ठेवलें, तेव्हां अतिशय कडक पद्धतीनें शिकवलेलीं कुत्रीं त्याकडे अधिक रेंगाळत गेलीं. चांगलें कांहीं मिळेल ही आशाच त्यांच्यांत मंदावली होती.

येथें एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. अंगापिंडानें दांडगें कुत्रें रस्त्यावर दुसऱ्या कुत्र्याच्या किंवा लहान मुलाच्या अंगावर धांवलें तर खाऊचा तुकडा काय कामाचा? हिसक्यानें तें निदान थांबतें तरी! हिसक्यानें पुष्कळदां तें थांबतें, हें खरेंच. उलटे खिळे इतकीं वर्षें टिकले ते त्यामुळेंच. परंतु थांबणें आणि शिकणें ह्यांत अंतर आहे. समोरून दुसरें कुत्रें येतांना दर वेळीं मान आवळली, तर कुत्र्याच्या मनांत सांगड बसण्याची भीति असते ती अशी कीं, दुसरें कुत्रें आलें म्हणजे दुखतें. मग तें पुढच्या वेळीं अधिक लौकर व अधिक जोरानें भुंकतें, आणि मालक अधिक जोरानें हिसका देतो. इंग्लंडांतील लिंकन विद्यापीठाच्या इ. स. २०२० मधील अभ्यासांत ६३ कुत्र्यांवर विजेचा पट्टा आणि बक्षिसाची रीत ह्यांची तुलना झाली. हांकेला येणें वगैरे गोष्टींत विजेच्या पट्ट्यानें अधिक चांगलें फळ दिलें नाहीं. बक्षिसाची रीतच सरस ठरली. वेल्समध्यें तर असा पट्टा वापरण्यास इ. स. २०१० मध्येंच कायद्यानें बंदी घातली गेली. खरोखरीच अंगावर जाणाऱ्या कुत्र्यासाठीं अंतर ठेवणें, तोंडाला सैल जाळीची मुसकी घालणें आणि जाणत्या पशुवैद्याचा सल्ला घेणें, हे उपाय आहेत. मानेंतले कांटे हा उपाय नव्हे.

मग पट्टा घ्यावा तरी कोणता? इतिहासानें दिलेलें उत्तर साधें आहे. गळ्यांतला पट्टा झेनोफननें सांगितला तसा मऊ व रुंद असावा आणि त्याखालीं दोन बोटें सहज जावींत. त्यावर मालकाचा पत्ता असावा. मैहरप्रीच्या कुत्रीचा पट्टा हेंच काम करीत होता. ओढण्याचा भार मात्र मानेवर येऊं देऊं नये. इ. स. २०२० मध्येंच इंग्लंडांत कृत्रिम मानेवर तऱ्हेतऱ्हेचे पट्टे ओढून दाब मोजला गेला, तेव्हां जोरानें ओढलें असतां कोणताहि गळपट्टा धोक्यापासून मुक्त ठरला नाहीं. म्हणून दोरी छातीभोंवतींच्या हार्नेसला अडकवणें उत्तम. तो खांद्याची हालचाल न रोखणारा आणि कांखेंत न घासणारा असावा. फार ओढणाऱ्या कुत्र्यासाठीं छातीवर कडी असलेला हार्नेस मिळतो. त्यानें कुत्रें न दुखतां बाजूला वळतें. चपट्या नाकाच्या जातींना मुळांतच श्वासाचा त्रास असल्यामुळें त्यांच्या बाबतींत तर हा नियम पाळलाच पाहिजे.

परंतु पट्टा कितीहि चांगला असला तरी तो शिकवीत नाहीं. शिकवतो तो माणूसच. दोरी चार ते सहा फूट लांब आणि ढिली असावी. कुत्रें पायाजवळ चालत असतांना मधून मधून त्याची तारीफ करावी आणि खाऊचा कण द्यावा. दोरी ताणली गेली कीं हिसका न देतां नुसतें उभें राहावें. ती ढिली झाली कीं पुन्हां चालावें. ओढल्यानें वाट बंद होते आणि ढिलें सोडल्यानें वाट उघडते, हें कुत्र्याला कांहीं दिवसांत कळतें. आरंभीं शंभर पावलांना दहा मिनिटें लागतील. तीं लागूं द्यावींत. घरांतल्या सर्वांनीं एकच नियम पाळावा. वडिलांनीं थांबावें आणि मुलांनीं ओढत न्यावें, असें झालें तर दोष कुत्र्याचा नव्हे. त्याला मधून मधून हुंगूं द्यावें, कारण फिरणें हा माणसाला व्यायाम असेल, पण कुत्र्याला तें वर्तमानपत्र आहे. आणि उन्हानें तापलेल्या डांबरावर आपला तळहात जेथें टिकत नाहीं, तेथें त्याचे पंजे टिकतील असें मानूं नये.

चामड्याच्या साजाचा उत्तम उपयोग पाहावयाचा असेल, तर तो आंधळ्यांच्या वाटाड्या कुत्र्यांत पाहावा. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गेलेल्या सैनिकांसाठीं इ. स. १९१६ मध्यें जर्मनींत ओल्डेनबुर्ग येथें अशा कुत्र्यांची शाळा निघाली आणि इ. स. १९२९ मध्यें अमेरिकेंत तशी संस्था उभी राहिली. ह्या कुत्र्यांच्या अंगावर ताठ मुठीचा हार्नेस असतो. पुढें खड्डा किंवा गाडी असली, तर मालकानें 'चल' म्हटलें तरी कुत्रें चालत नाहीं, आणि तें थांबलें हें मालकाला त्या मुठीवरून समजतें. येथें पट्ट्याच्या एका टोकाला हुकूम आणि दुसऱ्या टोकाला भय नाहीं. दोन्ही टोकांना विश्वास आहे. ज्या कुत्र्याची इच्छा मोडून टाकली आहे, तें मालकाचा प्राण वाचवण्यासाठीं त्याचा हुकूम कसा मोडील?

'कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडेंच' अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि ती कुत्र्याच्या हट्टीपणाचा पुरावा म्हणून सांगितली जाते. परंतु नळीनें कोणीच शिकत नाहीं; दोष शेपटाचा नसून नळीचा आहे. हिंदुस्थानच्या कायद्यानेंहि ही गोष्ट कांहीं अंशीं मान्य केली आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनीं राज्यसभेंत घेतलेल्या पुढाकारानंतर इ. स. १९६० मध्यें प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायदा झाला. फार आंखूड किंवा फार जड साखळीनें जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणें, आणि नेहमीं बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसें फिरवून न आणणें, हे दोन्ही त्या कायद्याच्या अकराव्या कलमांत अपराध म्हणून नमूद आहेत. म्हणजे कुत्र्याला फिरावयास नेणें ही मालकाची मेहेरबानी नव्हे. तें त्याचें कर्तव्य आहे.

कायदा साखळीची लांबी पाहील. हातांतला हिसका पाहणारें मात्र कोणी नसतें. तो देण्यापूर्वीं मनुष्यानें क्षणभर थांबून सरमेचा प्रश्न स्वतःला विचारावा. ह्यानें काय केलें, आणि त्याबद्दलच ही शिक्षा आहे हें ह्याला कळणार आहे काय? जनमेजयाच्या सभेंत ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतें. सायंकाळीं पायाशीं उभें राहून, दोरी हातीं घेण्याची वाट पाहत, शेपूट हलवणाऱ्या प्राण्याला तरी तें मिळालें पाहिजे.